तिसऱ्या वर्षाचा मंगळवार

२०२५ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांच्या वाट्याला आलं: जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस. ज्या प्रयोगांसाठी ते मिळालं ते चाळीस वर्षांपूर्वीचे, १९८४-८५ मधले, बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले. सेंटिमीटरभर चिपवर विजेचं एक सर्किट. ते सर्किट अणूसारखं वागतं, ऊर्जा घेतं ती ठरावीक पायऱ्यांनीच, आणि ओलांडण्याइतकी ताकद नसतानाही अडथळ्याच्या आरपार निसटतं, हे या तिघांनी मोजून दाखवलं. क्लार्क त्या लॅबचे प्राध्यापक. देव्होरे फ्रान्सहून आलेले पोस्टडॉक. आणि मार्टिनिस पीएचडीचे विद्यार्थी.

मार्टिनिस यांनी ती लॅब धरली तेव्हा क्वांटम कॉम्प्युटिंग नावाचा विषय कुठल्याही विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात नव्हता. निसर्गाची नक्कल करायची तर संगणकही क्वांटम नियमांनी चालणारा हवा, हे रिचर्ड फाइनमन १९८१ साली एका परिषदेत मांडून गेले होते. पण मोठ्या संख्यांचे अवयव झपाट्याने पाडणारी पीटर शोर यांची रीत यायला १९९४ साल उजाडायचं होतं. क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट, हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. मग त्यांनी निवडलं तरी काय? एक प्रश्न निवडला: डोळ्यांना दिसेल एवढी वस्तू क्वांटम नियम पाळते का? अँथनी लेगेट त्या काळात हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते. आणि एक माणूस निवडला, क्लार्क, ज्यांचा हात अतिक्षीण संकेत मोजण्यात बसलेला होता. पुढे २०१९ साली गूगलच्या ५३ क्युबिटच्या सिकॅमोर चिपची जगभर बातमी झाली. ते हार्डवेअर उभं करणाऱ्या गटाची बांधणी मार्टिनिस यांनीच केलेली होती.

पीएचडीसाठी जागा शोधणाऱ्या मुलामुलींना मी ही हकिकत नेहमी सांगतो. मागे साताऱ्याची एक विद्यार्थिनी आली होती, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची. हातात एक कागद, त्यावर बावीस विद्यापीठांची नावं आणि प्रत्येकापुढे जागतिक क्रमवारीतला आकडा. म्हणाली, “सर, यातली दहा निवडून द्या. बाबा म्हणतायत, नुसत्या फॉर्मच्या फीचेच लाखभर होतील.” हिशेब बरोबर होता. अमेरिकेतल्या एकेका अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास फी पडते आणि दहा अर्ज म्हणजे शिक्षकाच्या घरातला एक पूर्ण पगार. मी तो कागद बाजूला ठेवला आणि तिला विचारलं, “तिसऱ्या वर्षी, एखाद्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता तू काय करत असशील?”

तिला उत्तर देता आलं नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आपण विद्यापीठ निवडतो ते पहिल्या दिवसाचा फोटो आणि शेवटच्या दिवसाची पदवी डोळ्यांपुढे ठेवून. पीएचडी घडते ती मधल्या वर्षांत. पहिल्या वर्षी अजून वर्ग असतात, परीक्षा असतात, कॉलेजचीच सवय पुढे चालू राहते. तिसऱ्या वर्षी वर्ग संपलेले असतात, प्रबंध लांब असतो, घरून फोनवर “किती राहिलं गं?” असा प्रश्न सुरू झालेला असतो. त्या वर्षातल्या साध्या मंगळवारी जे काम हातात असेल ते करायला आवडत असेल, तर क्रमवारीतला आकडा पन्नास असो की दोनशे, पाच-सहा वर्षं सत्कारणी लागतात.

हा मंगळवार कसा असतो ते जवळून पाहू.

अतिवाहक क्युबिटची लॅब घेऊ. लॅबच्या मधोमध एका लोखंडी चौकटीत टांगलेलं पिंपासारखं यंत्र असतं, डायल्यूशन फ्रिज. लॅबमध्ये त्याला नुसतं ‘फ्रिज’ म्हणतात. बाहेरचं आवरण उतरवलं की सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या थाळ्या एकीखाली एक लटकलेल्या दिसतात, आणि त्यांच्यातून बारीक केबलींचे झुबके खाली उतरतात. सगळ्यात खालची थाळी १० ते २० मिलिकेल्विनपर्यंत थंड होते. ताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशाचं तापमान २.७ केल्विन, म्हणजे या थाळीच्या शंभरपटीहून जास्त. ही थंडी हेलियम-३ आणि हेलियम-४ या दोन समस्थानिकांच्या मिश्रणातून मिळते. आणि खोलीत दिवसरात्र एक आवाज चालू असतो, पल्स ट्यूब नावाच्या शीतकाचा, सेकंदाला साधारण दीडदा, कुणीतरी झोपेत श्वास घेत असावं तसा. नवा विद्यार्थी आठवडाभर त्याला वैतागतो. नंतर तो आवाज थांबला तरच तो दचकून वर पाहतो, कारण आवाज थांबणं म्हणजे फ्रिज गरम होऊ लागणं.

तर मंगळवार. क्लीनरूममध्ये बनवून आणलेली सिलिकॉनची चिप समोर आहे. तिच्यावर ॲल्युमिनियमचे दोन थर आहेत आणि त्यांच्या मध्ये नॅनोमीटरभर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा. हेच जोसेफसन जंक्शन, क्युबिटचा प्राण. आता चिपच्या कडेपासून भोवतालच्या सर्किट बोर्डापर्यंत तारा जोडायच्या आहेत. तार ॲल्युमिनियमची, जाडी सुमारे २५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही कमी. सूक्ष्मदर्शकातून बघत एक अणकुचीदार टोक खाली आणायचं, ते कंप पावतं, तार चिकटते, टोक उचलायचं, कमान काढत पलीकडे न्यायचं, पुन्हा टेकवायचं. शिवणयंत्रावर हात बसलेल्या माणसाला हे काम लवकर जमेल असं मला नेहमी वाटतं. अशा कित्येक तारा. त्यातल्या दोन उखडतात, पुन्हा जोडाव्या लागतात. मग चिप तांब्याच्या डबीत बंद करायची, डबी खालच्या थाळीला स्क्रूंनी आवळायची, केबली ठरलेल्या जोरानेच पिळायच्या, आवरणं चढवायची, हवा उपसायची आणि बाहेरून सांध्यासांध्यावर हेलियम सोडून कुठे गळतं का ते पाहायचं. संध्याकाळी थंड करायला सुरुवात. तळाशी पोचायला दोनेक दिवस लागतात. गुरुवारी पहिला संकेत पाठवला आणि परत काहीच आलं नाही, तर आतली एखादी केबल थंडीत आकसून सैल झालेली असू शकते. मग पुन्हा गरम करा, उघडा, शोधा, बंद करा, थंड करा.

ज्याला यात एक आठवडा वाया गेल्याचं दुःख होईल, त्याला ही लॅब मानवणार नाही, मग ती जगातली पहिल्या क्रमांकाची का असेना. केबल नेमकी कुठे सैल झाली हे हुडकण्यात ज्याला गोडी वाटेल, त्याने इथेच यावं.

सिद्धान्तवाल्यांचा मंगळवार अगदी वेगळा. एक फळा, एक वही, कुठल्याशा सिद्धतेची चौदावी ओळ तिथे अडलेली, आणि ती गेल्या मंगळवारीही तिथेच अडली होती. गाइडची भेट आठवड्यातून तासभर. बाकीचा वेळ दुसऱ्यांचे पेपर वाचणं आणि आपली कल्पना सकाळी खरी, दुपारी खोटी ठरताना पाहणं. इथे फ्रिज लागत नाही, निधी कमी लागतो, आणि म्हणून चांगलं काम अनपेक्षित ठिकाणी होऊ शकतं. आपल्या मुंबईतलंच उदाहरण आहे. राहुल जैन यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, संगणकशास्त्रात पीएचडी केली. पुढे २००९ साली त्यांनी झेंगफेंग जी, सर्वज्ञ उपाध्याय आणि जॉन वॉट्रस यांच्याबरोबर एक निकाल सिद्ध केला: एखाद्या दाव्याची शहानिशा करण्याच्या ज्या संवादात क्वांटम संदेशांची देवाणघेवाण चालते, त्याची ताकद तशाच नेहमीच्या संवादापेक्षा तसूभरही जास्त नाही. क्वांटम गुंतागुंतीच्या सिद्धान्तातला हा मैलाचा दगड मानला जातो.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी, कारण बरीच मुलं नेमकी इथे अडखळतात. क्वांटम कॉम्प्युटिंग हा एका विभागाचा विषय नाही. वर वर्णन केलेली चिप बहुतेक ठिकाणी भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या विभागात बनते. चौदाव्या ओळीशी झुंजणारा माणूस संगणकशास्त्राच्या किंवा गणिताच्या विभागात बसतो. क्युबिटमधल्या चुका सुधारण्याची रीत शोधणारे या सगळ्या विभागांत विखुरलेले असतात. एकाच विद्यापीठात दोन विभागांचे प्रवेश वेगळे, अभ्यासक्रम वेगळे, पात्रता परीक्षा वेगळ्या. संगणकशास्त्रात बी.ई. झालेल्या मुलाने भौतिकशास्त्र विभागाचा अर्ज भरला, तर त्याला तिथल्या परीक्षेत विद्युतचुंबकत्वाचा जाडजूड पेपर द्यावा लागू शकतो. म्हणून आधी हवा असलेला गट शोधावा, मग तो गट कुठल्या विभागातून विद्यार्थी घेतो ते पाहावं, आणि विद्यापीठाचं नाव सगळ्यात शेवटी लिहावं.

नावाबद्दल माझं मत ठाम आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. या विषयाचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पाठ्यपुस्तक मायकेल नील्सन आणि आयझॅक च्वांग यांचं, २००० सालचं. यातले नील्सन ऑस्ट्रेलियातून निघाले आणि पीएचडीला गेले न्यू मेक्सिको विद्यापीठात. आपल्याकडे त्या विद्यापीठाचं नाव सांगितलं तर पाहुणे मान डोलावतील, पण उत्साहाने नाही. तिथे कार्लटन केव्हज होते, आणि ज्याला क्वांटम माहितीशास्त्र शिकायचं होतं त्याच्यासाठी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मोजक्या उत्तम जागांपैकी ती एक होती. क्युबिट हा शब्द ज्यांनी १९९५ साली छापील रूपात आणला ते बेन शूमाकर तर ओहायोतल्या केन्यन नावाच्या छोट्या कॉलेजात शिकवत होते. त्यांची पीएचडी टेक्सस विद्यापीठातली, जॉन व्हीलर यांच्याकडची. हे व्हीलर म्हणजे प्रिन्स्टनला फाइनमन यांचे गाइड असलेलेच. गाण्यात आपण शागीर्द कुणाचा हे आधी विचारतो आणि गाव मागून विचारतो. इथेही तेच करावं. कारण जे शिकायचं असतं त्यातलं निम्मं पुस्तकात नसतं. कुठला प्रश्न धरायचा, कुठला सोडायचा, मोजमाप कधी खरं मानायचं, हे शेजारी बसूनच कळतं.

अशी एक परंपरा थेट कुलाब्याच्या समुद्राकाठी येऊन पोचली आहे. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ साली, बावीस वर्षांचे संशोधक विद्यार्थी असताना, केंब्रिजमध्ये दोन अतिवाहकांमधल्या पातळ थराविषयी आपलं भाकीत केलं. त्यांचे गाइड ब्रायन पिपर्ड. त्याच पिपर्ड यांच्याकडे थोड्या काळाने जॉन क्लार्क शिकले आणि बर्कलीला गेले. क्लार्क यांच्या लॅबमध्ये देव्होरे तयार झाले आणि पुढे येलला प्राध्यापक झाले. येलमध्ये देव्होरे यांच्याकडे आर. विजयराघवन यांनी पीएचडी केली, बर्कलीत पोस्टडॉक केलं आणि टीआयएफआरमध्ये येऊन अतिवाहक क्युबिटची लॅब उभी केली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथून ६ क्युबिटच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी झाल्याचं जाहीर झालं. चिपची रचना आणि घडण टीआयएफआरची, नियंत्रणाची यंत्रणा संरक्षण संशोधन विभागाच्या पुण्यातल्या क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळेने जुळवलेली, आणि दूर बसून तो प्रोसेसर वापरण्याची सोय टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची. ६ क्युबिट हा आकडा गूगलच्या १०५ क्युबिटच्या विलो चिपपुढे लहान आहे. पण पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मला तो मोठा वाटतो. क्युबिटचं चित्र काढण्यापासून तो मोजण्यापर्यंतची सगळी कामं जिथे एका छपराखाली चालतात, तिथला विद्यार्थी सगळी कामं शिकतो. मोठ्या गटात कदाचित त्याच्या वाट्याला पाच वर्षं एकच कोपरा येईल.

म्हणून ‘बाहेरच जायचं’ असं आधीच ठरवून टाकू नये असं मी सांगतो. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंतसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांचं. त्याची चार केंद्रं ठरली: क्वांटम कॉम्प्युटिंगचं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, संदेशवहनाचं आयआयटी मद्रासला, सूक्ष्म मापनाचं आयआयटी मुंबईला, साहित्य आणि उपकरणांचं आयआयटी दिल्लीला. पवईत हिऱ्यातल्या नायट्रोजनच्या दोषांचा वापर करून चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं काम चालतं. पुण्याच्या आयझरमध्ये अतिशीत अणूंवर प्रयोग होतात. निव्वळ सिद्धान्त हवा असेल तर प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था आहे, प्रकाशकणांचे प्रयोग हवे असतील तर बंगळुरूची रामन संशोधन संस्था आहे. इथले दरवाजे उघडतात ते नेट, गेट, जेस्ट आणि टीआयएफआरच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेने. नेटमधून मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ती ४२,००० होते. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये पहिल्या दोन वर्षांना महिना ७०,००० ठरवले गेले. फेलोशिपचे पैसे मात्र पुष्कळदा महिनोन्‌महिने रखडतात, आणि बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलांना घरून पैसे मागायला लावणारी ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते. घरची परिस्थिती बेताची असेल तर ज्या संस्थेत जायचं तिथल्या चालू विद्यार्थ्यांना हा प्रश्न आधी विचारावा: पैसे कितव्या तारखेला येतात?

परदेशाचा विचार करताना पालकांनी एक फरक पक्का लक्षात ठेवायला हवा. एम.एस.साठी आपण फी भरतो. पीएचडीसाठी विद्यापीठ आपल्याला पैसे देतं. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएचडीत फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल स्टायपेंड मिळतो. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही चक्क चार वर्षांची पगारी नोकरी असते, जाहिरात निघते, मुलाखत होते, माणूस नेमला जातो. जमीन गहाण ठेवून क्वांटममध्ये एम.एस. करायला निघालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी काहींना भारतातून थेट पीएचडीला प्रवेश मिळण्याजोगा होता, पण तसं कुणी सांगितलंच नव्हतं. युरोपात बहुधा एम.एस्सी. हातात असावी लागते, अमेरिकेत बी.एस्सी. किंवा बी.टेक.वरूनही थेट घेतात, मात्र पाच-सहा वर्षं धरून चालावं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी निधीची अनिश्चितता वाढली आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्या, तेव्हा सगळे अर्ज एकाच देशात करणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

क्युबिट कशाचा, हा प्रश्नही मुलं विचारतात: “सर, जिंकणार कोण? अतिवाहक, आयन, की अणू?” विजेत्यावर पैज लावून लॅब निवडू नये. भारित अणूंचा, म्हणजे आयनांचा, पहिला व्यवहार्य आराखडा १९९५ साली सिराक आणि झोलर यांनी इन्सब्रुकमध्ये मांडला आणि त्याच वर्षी अमेरिकेत बोल्डरला डेव्हिड वाइनलँड यांच्या लॅबमध्ये पहिलं क्वांटम गेट चाललं. आजही आयनांसाठी इन्सब्रुक, बोल्डर, मेरीलँड ही नावं आधी येतात. लेझरच्या चिमट्यांत धरलेले विद्युतभाररहित अणू पुष्कळ काळ मागे पडल्यासारखे वाटत होते, आणि २०२३ च्या डिसेंबरात हार्वर्डच्या गटाने तसेच २८० पर्यंत अणू वापरून ४८ तार्किक क्युबिट चालवून दाखवले. सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनसाठी सिडनी आणि डेल्फ्ट, प्रकाशकणांसाठी ब्रिस्टल आणि चीनमधलं हफेई. पाच वर्षांनी यातलं कोण पुढे असेल हे पाहून निवडण्यापेक्षा, लेझर जुळवत अंधाऱ्या खोलीत बसायला आवडेल की फ्रिजच्या केबली आवळायला, हे पाहावं. लेझर, निर्वात पंप, मायक्रोवेव्ह, क्लीनरूम, यातलं जे अंगवळणी पडेल ते विषय बदलला तरी उपयोगी पडतं.

आता गाइड कसा ओळखायचा? मी दोन प्रसंग शेजारी ठेवतो. टेक्सस विद्यापीठात स्कॉट ॲरन्सन यांनी ईविन टँग या विद्यार्थिनीला एक काम दिलं. ग्राहकांना वस्तू सुचवण्याची एक क्वांटम रीत २०१६ साली निघाली होती. तितक्या वेगाची साधी रीत असूच शकत नाही, हे तिने सिद्ध करायचं होतं. तिला तसं सिद्ध करता येईना, कारण तशी साधी रीत अस्तित्वात होती, आणि २०१८ साली, अठराव्या वर्षी, तिने ती शोधून काढली. गाइडच्या अपेक्षेच्या उलट निकाल आला आणि गाइडने तो तज्ज्ञांसमोर मांडायला तिला पाठबळ दिलं. दुसरा प्रसंग त्याच २०१८ सालचा. डेल्फ्टमधल्या गटाने मायोराना कणांचा ठळक पुरावा मिळाल्याचा पेपर ‘नेचर’मध्ये छापला, त्याभोवती मोठ्या आशा उभ्या राहिल्या, आणि २०२१ साली तो मागे घ्यावा लागला. मूळ नोंदी तपासल्यावर काही न जुळणारी माहिती आलेखातून गळलेली आढळली. हेतुपुरस्सर फसवणूक नव्हे, उत्साहाच्या भरात झालेलं दुर्लक्ष, असं तपासणाऱ्या तज्ज्ञांना वाटलं. नोंदी मागून प्रश्न विचारणारे होते त्याच लॅबमध्ये पूर्वी काम केलेले संशोधक. मनाविरुद्ध आलेल्या आकड्याचं लॅबमध्ये काय होतं, हे ज्याला आधी कळेल त्याने अर्धी निवड केलीच म्हणायची.

हे कळायचं कसं? पेपर वाचून थोडं कळतं. या विषयातले बहुतेक पेपर अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट असतात. गटाचे गेल्या तीन वर्षांतले पेपर काढावेत आणि लेखकांची क्रमवारी पाहावी. प्रायोगिक पेपरात पहिलं नाव बहुधा काम केलेल्या विद्यार्थ्याचं आणि शेवटचं गाइडचं असतं. संगणकशास्त्रातल्या सिद्धान्तात नावं नुसती अकारविल्हे लावतात, तिथे यावरून काही काढू नये. प्रयोगाच्या गटात पहिल्या जागी पोस्टडॉकचीच नावं येत असतील, तर विद्यार्थी काय करतात हा प्रश्न पडायलाच हवा. बाकीचं माणसांकडून कळतं. चालू विद्यार्थ्यांना मेल लिहावी, अर्धा तास मागावा, गाइड हजर नसताना बोलावं. लॅबमध्ये विद्यार्थी किती आणि फ्रिज किती? आठ विद्यार्थी आणि एकच फ्रिज असेल, तर तिसऱ्या वर्षाचा मंगळवार वाट पाहण्यात जाईल. शेवटच्या पेपरचा मसुदा गाइडच्या टेबलावर किती दिवस पडून होता? मागच्या पाच वर्षांत कुणी अर्धवट सोडून गेलं का, आणि त्याच्याबद्दल लॅबमध्ये कशा भाषेत बोलतात? या शेवटच्या प्रश्नाला समोरचा जितका वेळ गप्प राहतो, तेही उत्तरच असतं.

आणखी एक गोष्ट या विषयात इतर शास्त्रांपेक्षा जास्त घडते: गाइड कंपनीत जातो. २०१४ साली मार्टिनिस यांचा सांता बार्बरा इथला गट गूगलशी जोडला गेला. मेरीलँड आणि ड्यूकमधल्या कामातून आयनक्यू ही कंपनी निघाली, हार्वर्ड आणि एमआयटीमधल्या कामातून क्वेरा. यात विद्यार्थ्यांचं नुकसानच होतं असं नाही. पैसा येतो, यंत्रं येतात, पुढे नोकरीची दारं उघडतात. पण आपल्या कामाचा पेपर छापायला कुणाची परवानगी लागेल, शोधाचा हक्क कुणाचा, आणि गाइड आठवड्यातले किती दिवस विद्यापीठात असतात, हे प्रवेश घेण्याआधी स्पष्ट विचारावं. प्रामाणिक गाइडला हे प्रश्न आवडतात.

साताऱ्याच्या त्या मुलीने उन्हाळ्यात दोन महिने एका लॅबमध्ये काढले. परत आली तेव्हा तिच्याजवळ यादी नव्हती, उजव्या हाताची तर्जनी मात्र चिमट्याने सोललेली होती. तारा जोडणाऱ्या यंत्रावर, वायर बाँडरवर, तिसऱ्या आठवड्यात हात बसल्याचं तिने सांगितलं. कसं ते सांगताना ती उभी राहून हवेत कमान काढून दाखवत होती. मग तिने सात अर्ज केले: दोन भारतात, तीन अमेरिकेत, दोन युरोपात. सातही ठिकाणी नाव आधी गटाचं होतं. तीन शिफारसपत्रं लागत होती. तिसरं तिने नावाजलेल्या प्राध्यापकाऐवजी त्या लॅबमधल्या माणसाकडून घेतलं, ज्याने तिला काम करताना रोज पाहिलं होतं. शिफारसपत्र वाचणारा “हुशार आहे, वक्तशीर आहे” या ओळी ओलांडून पुढे जातो; “गळती शोधायला तिने चार दिवस घेतले आणि शोधली” इथे तो थांबतो.

मार्चअखेर अमेरिकेतली दोन पत्रं आली. एक अशा विद्यापीठाचं, ज्याचं नाव तिच्या वाड्यातल्या आजोबांनाही ठाऊक होतं. पण ज्यांच्यासाठी अर्ज केला ते प्राध्यापक त्या वर्षी विद्यार्थी घेणार नव्हते. दुसरं त्या मानाने कमी ऐकलेल्या विद्यापीठाचं, जिथे तीन फ्रिज होते, पाच विद्यार्थी होते, आणि तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने तिच्याशी मोकळेपणाने तासभर बोलून लॅबची चांगली-वाईट बाजू सांगितली होती. तिचे वडील माझ्याकडे आले. “सर, लोक विचारतील, एवढं मोठं नाव का सोडलं?” मी त्यांना काही समजावलं नाही. तिलाच तो तासभराचा फोन त्यांना सांगायला लावला. ऐकता ऐकता त्यांनी मध्येच विचारलं, “म्हणजे यंत्राला तुझा नंबर लवकर लागेल?” ती म्हणाली, “हो बाबा, पहिल्याच वर्षी.”

अमेरिकेतल्या बहुसंख्य विद्यापीठांनी आपसात एक ठराव केलेला आहे: आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशाचं उत्तर १५ एप्रिलच्या आधी द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही. ही तारीख विद्यार्थ्याच्या संरक्षणासाठी आहे. कुणी त्याआधी घाई केली तर तिचा नम्रपणे उल्लेख करावा. पण मन ठरलेलं असेल तर तेवढे दिवस धरून बसूही नये. तिने ४ एप्रिललाच पहिल्या विद्यापीठाला नकार कळवला, दोन ओळींत, आभार मानून. तिकडे प्रतीक्षायादीवर कुणीतरी रोज सकाळी मेल उघडून बघत होतं, आणि ती जागा आता त्याची होती.